छायाचित्राची किंमत नवरंगाने का मोजावी?

पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांत नवरंगाची दुहेरी शीळ घुमू लागते. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढलेला, जेमतेम १९ सेंटीमीटर लांबीचा हा पक्षी विणीसाठी मध्य भारतात येतो. त्याच्या पाठोपाठ छायाचित्रकारही येतात. ताडोबाचे मुख्य क्षेत्र पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते. मात्र सावलीसारख्या तालुक्यांतील, प्रकल्पाबाहेरच्या जंगलाला ना प्रवेशद्वार आहे, ना तिकीट, ना वाटाड्या. त्यामुळे तेथे काय चालते, यावर फारसे कोणाचे लक्ष नसते.

वादाचा सारा भर आजवर फ्लॅशवर राहिला आहे. पावसाळी जंगलात उजेड कमी आणि छोटे पक्षी क्षणभरही स्वस्थ न बसणारे. त्यामुळे फ्लॅशचा मोह होतो. अमेरिकेतील ऑडुबॉन संस्थेची आचारसंहिता याबाबत समतोल आहे. फ्लॅश वापरायचाच तर नैसर्गिक प्रकाशाला पूरक म्हणून आणि बेताने वापरावा. घुबड, रातवा यांसारख्या निशाचर पक्ष्यांवर रात्री तो टाळावा, असे ती सांगते. अंधाराला सरावलेले डोळे काही काळ दिपले, तर भक्ष्य टिपणे आणि अडथळे चुकवणे या पक्ष्यांना अवघड जाते. शिवाय कमी प्रकाशातही चांगले चित्र देणारे कॅमेरे आता उपलब्ध असल्याने फ्लॅशची गरजही घटली आहे.

खरा धोका दुसरीकडे, चित्राच्या नेटक्या मांडणीत दडलेला आहे. नवरंगाचे घरटे म्हणजे काटक्या, मुळे आणि वाळल्या पानांचा गोळा. आडोसा हेच त्याचे संरक्षण. पार्श्वभूमी मोकळी हवी म्हणून समोरची डहाळी छाटली किंवा बांधून ठेवली, की कावळा, साप आणि मुंगूस यांना वाट मोकळी होते. माणसे जवळ ठाण मांडून बसली, तर चोचीत गांडूळ घेतलेले नर-मादी घरट्याकडे फिरकत नाहीत आणि पिले उपाशी राहतात. कोकणात ओढ्याकाठच्या मातीत बीळ खोदून वीण करणाऱ्या तिबोटी खंड्यालाही अशाच गर्दीला तोंड द्यावे लागते.

कायदा याबाबत मुका नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे समाविष्ट आहे. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्यासाठी दंडाची मर्यादा २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर नेली. अडचण अंमलबजावणीची आहे. सावली परिसरात वनकर्मचाऱ्यांची शक्ती वाघ-मानव संघर्ष हाताळण्यातच खर्ची पडते. मूठभर वजनाच्या पक्ष्याच्या घरट्यावर पहारा ठेवायचा कोणी?

म्हणूनच उपाय मागणीच्या बाजूने शोधावा लागेल. बंगळूरच्या ‘नेचर इनफोकस’सारख्या स्पर्धेने घरट्यांवरील छायाचित्रे न स्वीकारण्याचा नियम केला. वृत्तपत्रे, छायाचित्रण मंडळे आणि स्थानिक स्पर्धा यांनीही तो पाळला, तर अशा चित्रांची प्रतिष्ठा आपोआप ओसरेल.

वेळेचाही विचार हवा. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. उपक्रम स्तुत्यच, पण तोवर नवरंगाची वीण आटोपून तो दक्षिणेला निघून गेलेला असतो. घरट्यांपासून दूर राहण्याचे आवाहन जूनमध्ये, गावोगावच्या वनरक्षकांमार्फत आणि स्थानिक तरुणांना सोबत घेऊन व्हायला हवे. फांदीवर मोकळा बसलेला नवरंग दुरून टिपण्यास कोणाचीच हरकत नाही. घरट्याची जागा मात्र कॅमेऱ्याला आणि इतरांनाही न कळलेलीच बरी.