गिझर पेटत नाही? आधी पाणी बघा

थंडी पडली की आमच्या जामसांवलीत, सौसर-पांढुर्ण्याकडच्या नातेवाइकांकडे, एकच तक्रार ऐकू येते: "गिझर टकटक करतो, पण पेटत नाही." तांब्याचा बंब माळ्यावर गेला आणि भिंतीवर गॅस गिझर आला, त्याला बऱ्याच घरांत आता दहा वर्षं होत आली. आमचाही त्यातलाच. म्हणून या वेळी त्याच्याबद्दल.

बंबाला पाण्याच्या दाबाशी काही देणंघेणं नव्हतं. गिझरचं सगळं त्यावरच चालतं. नळ उघडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो आणि एक छोटा स्विच दाबतो. मग सेलवर ठिणगी पडते आणि गॅसची वाट उघडते. ज्योत लागली नाही, तर काही सेकंदांत गॅस बंद होतो. थोडक्यात, पाणी नसेल तर ठिणगी नाही, आणि ज्योत नसेल तर गॅस नाही. दोष शोधायचा तोही याच क्रमाने.

टकटक आवाजच येत नाही. आधी दाब बघा. टाकीतलं पाणी दहा मीटर उंचीवर असेल तर साधारण एक बार दाब मिळतो. तीन मीटरवर असेल तर फक्त 0.3 बार. गिझरच्या लेबलवर किमान दाब लिहिलेला असतो, तो ताडून पाहा. शेजारचा थंड नळ जोरात आणि गिझरची धार बारीक असेल, तर दोष टाकीचा नाही. पाणी आत येतं तिथल्या जाळीत कचरा किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार अडकलेला असतो. कॉक बंद करून जाळी काढा, जुन्या टूथब्रशने घासा. धार चांगली असूनही आवाज नसेल, तर सेल बदला. दीड व्होल्टचे दोन मोठे सेल असतात; दोन्ही एकदमच नवे घाला.

टकटक होते, पण पेटत नाही. आता गॅस बघा. सिलिंडर संपत आला असेल, तर पहाटेच्या गारठ्यात त्यातून गॅस कमी दाबाने येतो. सिलिंडर नुकताच बदलला असेल, तर नळीत हवा असते. एक-दोनदा नळ उघड-बंद केला की काम होतं.

पेटतो आणि विझतो. बरेच गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, तो बिघाड नव्हे. त्याआधीच विझत असेल, तर बर्नर आणि ज्योतीचा सेन्सर मेकॅनिककडून साफ करून घ्या.

मागच्या हिवाळ्यात एक मेकॅनिक मला म्हणाला, "काकाजी, सेन्सरच्या दोन वायरी जोडून देतो, कटकटच मिटते." मी नाही म्हटलं. पाणी फार तापलं की गिझर बंद करतो तो हाच सेन्सर. जुना गिझर पुन्हा पुन्हा बंद पडतो, तेव्हा बहुतेक वेळा तो आपल्याला सांभाळत असतो. त्याचं तोंड बंद करू नका.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट हवेची. शनिवारी हनुमानजींच्या दर्शनाला पाहुणे येतात, सकाळी एकामागून एक आंघोळी होतात, आणि थंडी म्हणून खिडकी बंद. गिझर बाथरूमच्या आत असेल, तर तो तिथलाच ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, पाय गळतात, आणि दाराची कडी काढायचीही ताकद राहत नाही. म्हणून गिझर आणि सिलिंडर बाहेर, आत फक्त पाण्याचा पाइप. हे आजच जमत नसेल, तर बादली भरा, गिझर बंद करा, आणि मगच दार लावून आंघोळ करा. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, तर गिझर दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

गॅसचा वास आला तर लाइटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि 1906 वर फोन करा. हा नंबर चोवीस तास चालतो. सिलिंडरजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे घरी आलेल्या पाहुण्यालाही तो दिसेल.