पट्टा बदलू नका, पुलीची ओळ बघा



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा आणि खत यांवर लिहावे, अशी रीत आहे. आज मात्र मी एका जुन्या ट्रकच्या पुलीवर लिहिणार आहे. कुणी म्हणेल, साहेबांनी आता गॅरेज काढले काय! पण शेतात वर्षभर राबून पिकवलेला ऊस ज्या गाडीवर चढतो, ती गाडी वाटेत बसली तर माझ्या बेण्याचा आणि तुमच्या खताचा काय उपयोग?

गेल्या हंगामातली गोष्ट. आमच्या गटातल्या एका जुन्या ट्रकने फॅन बेल्ट खायला सुरुवात केली. पहिला गेला, दुसरा गेला. दोन्ही वेळेस मीच ड्रायव्हरला म्हणालो, "नवीन टाक आणि जरा ताणून बसव." तिसरा पट्टा गेला तो रात्री, दहा टन ऊस गाडीत असताना. आल्टरनेटर थांबला, बॅटरी उतरत गेली, दिवे मिणमिणू लागले. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर, त्यामुळे इंजिन तापले. गाडी वळणावरच उभी राहिली, आणि मागचा दिवा बंद. ड्रायव्हरने मागे दगड आणि वाढे टाकले म्हणून बरे. एका मोटारसायकलवर नवराबायको आणि मधे लहान मूल होते. त्यांनी अगदी हातभर अंतरावर ब्रेक दाबला. ते तिघे सुखरूप घरी गेले, हे नशीब. त्यात आमची हुशारी काही नाही.

तो ऊस काट्यावर आला तिसऱ्या दिवशी. सभासदाने मला विचारले, "साहेब, माझं वजन कुणी खाल्लं?" मला उत्तर देता आले नाही.

पुढे एका जुन्या फिटरने ती गाडी पाहिली. बॉनेट उघडले आणि पट्ट्याला हातही न लावता खालची काळी भुकटी बोटावर घेऊन दाखवली. "पट्टा एकाच अंगाने घासलाय. दोष पट्ट्याचा नाही, पुली ओळीत नाही." गाडी मूळची डायनॅमोची. डायनॅमो इंजिन मंद चालू असता फारसा चार्ज देत नाही, म्हणून मागे कधीतरी कुणी आल्टरनेटर चढवला होता. ब्रॅकेट वेल्डिंगच्या दुकानात अंदाजाने केलेले. आल्टरनेटरची पुली बाकी दोन पुल्यांच्या पुढे दोन सूत निघाली. काम तासाभराचे आणि खर्च चार वायसरांचा! आम्ही मात्र तीन पट्टे, एक रात्र आणि एका सभासदाचा ऊस घालवून बसलो होतो.

बैलाचे जू तिरके असले की खांदा सुजतो. तिथे आपण बैल बदलत नाही, जू सरळ करतो. मग गाडीच्या बाबतीतच अक्कल गहाण का ठेवावी? हा पट्टा खाचेच्या दोन्ही भिंतींना धरून चालतो. पुली तिरकी असली की तो प्रत्येक फेऱ्यात एका भिंतीवर घासतो, किंचाळतो आणि शेवटी उलटतो किंवा तुटतो. आणि जास्त ताणला तर भार पंपाच्या आणि आल्टरनेटरच्या बेअरिंगवर पडतो. म्हणजे माझा सल्ला रोगापेक्षा वाईट होता.

तपासणी कुणालाही जमेल. इंजिन बंद करा, बॅटरीची वायर काढा. आधी आल्टरनेटर हलवून बघा. बोल्ट ढिला असेल किंवा ब्रॅकेटचे भोक मोठे झाले असेल, तर ते आधी दुरुस्त करा. नाहीतर वायसर घालून काही होणार नाही. मग इंजिनच्या खालच्या पुलीपासून आल्टरनेटरच्या पुलीपर्यंत सरळ लोखंडी पट्टी किंवा ताणलेली दोरी धरा. पुल्यांच्या कडांची जाडी कमीजास्त असू शकते, म्हणून माप कडेवरून न घेता खाचेच्या मध्यावरून घ्या. एक फूट अंतराला अर्ध्या सुतापेक्षा जास्त फरक नको. आल्टरनेटर पुढे आणायचा की मागे सारायचा ते ठरवून ब्रॅकेट आणि कानाच्या मधे वायसर घाला किंवा काढा. पुली तोंडानेच वाकडी दिसत असेल, तर ब्रॅकेट सरळ करून घ्या. पट्टा खाचेच्या तळाला टेकत असेल, तर पट्टा आणि पुली एका मापाचे नाहीत असे समजा. शेवटी ताण बघा. लांब बाजूला मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबला की पुरे. नवा पट्टा थोडा सैल पडतोच, म्हणून चार दिवसांनी पुन्हा बघा. चालू इंजिनजवळ उपरणे किंवा सैल बाही नेऊ नका.

काही मंडळी म्हणतात, "गाडी वाहतूकदाराची, आपल्याला काय त्याचे?" मला हे पटत नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातूनच वजा होतो, म्हणजे पैसा आपलाच. शिवाय तोडलेला ऊस उभा राहिला की सुकतो आणि त्यातली साखर उतरते. दहा टनांत दोन टक्के घट धरली, तरी दोनशे किलो गेले. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. त्या हिशेबाने हे ७१० रुपये झाले. पुढे दर ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढतात. म्हणजे शिळ्या उसाने उतारा पडला, तर नुकसान एकट्याचे नाही, सर्वांचे आहे.

म्हणून माझी सूचना अशी. वाहतूक करार करताना आपण लायसन, विमा आणि कागदपत्रे बघतो. त्याबरोबर प्रत्येक ट्रकची आणि ट्रॅक्टरची पुलीची ओळ, पट्टा आणि मागचे दिवे बघावेत. बॉयलर पेटण्याआधी आठ दिवस कारखान्याच्या वर्कशॉपमधला एक फिटर या कामासाठी द्यावा आणि तपासणी फुकट करावी. संचालक मंडळाने याचा विचार करावा. सभासदांनीही आपला ऊस भरण्याआधी ड्रायव्हरला एकदा विचारावे, "ओळ बघितली का?" यात कमीपणा नाही.

खंडेनवमीला आपण अवजारांना हळदकुंकू लावतो, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो. यंदा हार घालण्याआधी बॉनेट उघडून एक दोरी धरा. खरी पूजा तीच.

आपला,
ऊस विकास अधिकारी