गुलाबी वेषांतील गुरुबाई

चित्रपटांविषयीं लिहिण्याचें हें वय नव्हे, असें आमच्या वहिनींचें मत आहे व तें अगदींच चूक नाहीं. परंतु पावसानें घरांतच अडकविलेल्या एका रविवारीं नातवंडांनीं मला धरून बसविलें आणि ‘हॅरी पॉटर’ मालिकेंतील पांचवा चित्रपट, ‘ऑर्डर ऑफ द फिनिक्स’, दाखविला. तो पाहिल्यावर स्वस्थ बसवेना. नातीकडून मूळ पुस्तक मागून घेतलें आणि इंग्रजी कोश शेजारीं ठेवून दीड महिन्यांत तें तडीस नेलें. आतां दोहोंविषयीं चार शब्द लिहावयास हरकत नसावी.

जे. के. रोलिंगबाईंची ही कादंबरी २००३ सालची. ३८ प्रकरणांची व सातही भागांत सर्वांत मोठी. डेव्हिड येट्स यांनीं दिग्दर्शित केलेला चित्रपट २००७ सालचा, आणि मालिकेंतील ८ चित्रपटांत याहून आखूड केवळ शेवटचा. तेव्हां काटछांट झाली यांत नवल नाहीं. काय कापलें व काय राखलें, हेंच पाहावयाचें.

चालू कथेच्या मध्यावरील भागाची परीक्षा करतांना मला भवभूतीची आठवण होते. ‘महावीरचरिता’नंतर त्यानें ‘उत्तररामचरित’ रचिलें, तेव्हां पहिल्याच अंकांत रामसीतेपुढें त्यांच्या पूर्वचरित्राचीं चित्रें मांडलीं. प्रेक्षकांस मागील कथा स्मरते; शिवाय तीं चित्रें पाहूनच सीतेस वनाची ओढ लागते आणि त्या ओढीच्या निमित्तानें पुढें तिचा त्याग घडतो. येथें दिग्दर्शकानें वृत्तपत्रांचे मथळे भराभर फिरवून काम भागविलें आहे. दुष्ट जादूगार परत आला असें सांगणाऱ्या हॅरीस सरकार व वृत्तपत्र मिळून खोटारडा ठरवीत आहेत, एवढें त्यावरून कळतें. पण सिरियस हा त्या पोरक्या मुलाचा कोण, हें मला नातीस तीनदां विचारावें लागलें. त्यामुळें सिरियस मारला गेला तेव्हां मुलें मुसमुसत होतीं आणि मी कोरडाच.

मात्र अंब्रिजबाई पडद्यावर आल्या आणि मी सावरून बसलों. सरकारनें शाळेवर लादलेल्या या शिक्षिका. अंगावर गुलाबी पोशाख, खोलीच्या भिंतीवर मांजरांच्या पिलांच्या बशा, बोलणें मधाळ, आणि रोज नवा हुकूम भिंतीवर ठोकलेला. इमेल्डा स्टॉन्टन या नटीनें एकदांही आरडाओरड न करतां हें काम केलें आहे. बाई हॅरीस शिक्षा देतात ती लेखनाची: ‘मी खोटें बोलतां कामा नये’ असें लिहीत राहावयाचें. शाई नाहीं. लेखणी कागदावर चालते आणि अक्षरें मुलाच्या हाताच्या पाठीवर कोरलीं जातात. कागदावर उमटतें तें त्याचेंच रक्त. आणि मुलगा तर खरें बोललेला असतो.

नातीनें सहज विचारलें, “आजोबा, तुम्ही कोणाला असं लिहायला लावलं होतं का?”

लावलें होतें. सातवींतील एक मुलगा उशिरां आला; आईस ताप आहे, पाणी मलाच भरावें लागलें, असें म्हणाला. त्या महिन्यांत हेंच कारण त्यानें दुसऱ्यांदां दिलें होतें. मीं त्यास ‘मी खोटें बोलणार नाहीं’ हें वाक्य शंभर वेळां लिहावयास सांगितलें. त्यानें तें सुवाच्य अक्षरांत लिहून आणलें; मीं त्याच्या अक्षराची स्तुतीही केली. आठवड्यानें त्याच्या आईस इस्पितळांत हलविल्याचें कळलें. मी त्याच्याशीं त्याविषयीं कांहीं बोललों नाहीं. शिक्षकानें विद्यार्थ्याची क्षमा मागावी अशी रीत तेव्हां नव्हती, असें मी स्वतःस सांगत आलों. नातीस मीं एवढेंच म्हटलें, “हो, एकाला.”

चित्रपटांत एक प्रसंग असा आहे कीं जो मला पुस्तकांत सांपडला नाहीं. हीच शिक्षा भोगून एक चिमुरडा रडत बसला आहे आणि वरच्या वर्गांतील दोघे जुळे भाऊ त्याची समजूत काढीत आहेत. रसास प्रतिकूल तें टाकावें व अनुकूल तें नवें कल्पावें, अशी मोकळीक आनंदवर्धनानें कवीस दिलेलीच आहे. ती येथें सार्थकीं लागली.

पण त्याच न्यायानें एका गाळणीविषयीं मी दिग्दर्शकास क्षमा करणार नाहीं. नेव्हिल या मुलाचे आईबाप छळामुळें भ्रमिष्ट होऊन इस्पितळांत आहेत. पुस्तकांत तो आजीबरोबर भेटीस जातो, तेव्हां आई हळूच जवळ येऊन त्याच्या हातांत गोळीचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते, टाकून दे. मुलगा तो खिशांत घालतो. कोश न उघडतां वाचलेलें पान तें हेंच. चित्रपटांत ही भेट नाहीं. नेव्हिल आईबापांची हकीकत दोनचार वाक्यांत सांगून मोकळा होतो. शेवटच्या लढाईंतील प्रकाशाचे लोळ थोडे कमी केले असते तरी ही भेट मावली असती.

घरच्या मंडळींनीं चित्रपट अवश्य पाहावा. दहा वर्षांखालील मुलांस मात्र त्या लेखणीच्या प्रसंगीं जवळ घेऊन बसावें. सहावा भाग येत्या रविवारीं पाहण्याचा बेत आहे. तोंवर सहावें पुस्तक माझ्यानें वाचून होत नाहीं, म्हणून तारीख पुढें ढकला असें मीं सुचविलें होतें. बहुमत माझ्याविरुद्ध गेलें.