एव्हरेस्टचा पायथा आणि दिंडीची चाल

या सदराकडे येणाऱ्या विचारणा बहुधा चारधामच्या, काशी-रामेश्वरच्या किंवा फार तर दुबईच्या असतात. यंदा बारामतीजवळच्या कन्हेरीहून एक पत्र आले आणि मोठी गंमत वाटली. पाच-सहा मित्रांची मंडळी आहे. कोणी ऊसवाले, एक शिक्षक, एकाचे दुकान. सर्वांत धाकटे पस्तीसचे, थोरले अठ्ठावन्नचे. भवानीनगरच्या कारखान्याचा गळीत हंगाम आटोपला की एप्रिलमध्ये नेपाळात जाऊन एव्हरेस्टचा बेसकॅम्प गाठायचा, असा बेत आहे. वाटाड्या, हमाल, राहणे-खाणे हे सारे एका संस्थेकडे सोपवले आहे. ‘आम्हांला फक्त सामानाची यादी कळवावी,’ असे पत्रात शेवटी लिहिले आहे.

यादी देतो. पण मंडळी, ज्या गोष्टीवर तुमची सहल साधेल किंवा फसेल, ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून आधी तिच्याविषयी.

बारामतीचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. आपल्या साऱ्या महाराष्ट्राचे माथे जे कळसूबाई, ते १,६४६ मीटर. आणि काठमांडूहून विमान तुम्हांला जिथे उतरवते ते लुक्लाच २,८६० मीटरवर आहे! म्हणजे आपल्या सर्वोच्च शिखराहून बाराशे मीटर वर गेल्यावर तुमची वाट सुरू होते आणि ५,३६४ मीटरवर संपते. तिथे हवेतल्या प्राणवायूचे प्रमाण इथल्याइतकेच, शेकडा एकवीस. पण हवेचा दाबच समुद्रकाठच्या निम्म्यावर आलेला असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती लागणारा प्राणवायूही जवळजवळ निम्मा. पाणी ८२-८३ अंशांवरच उकळू लागते. प्रेशर कुकर नसेल तर तुरीची डाळ दिवसभर शिजवा, ती बोटचेपी होणार नाही. डाळीची ही गत, तर माणसाचे काय होत असेल याचा विचार करावा.

शरीर या विरळ हवेशी जुळवून घेते, पण आपल्या सवडीने. आधी श्वास जलद होतो, मग मूत्रपिंडे रक्ताचा आम्ल-अल्कली तोल सावरू लागतात (लघवी वारंवार होते ती त्यामुळेच, ते सुचिन्ह समजावे), आणि रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. या कामाची घाई करता येत नाही. तालमीत कमावलेली छाती इथे कामी येत नाही. उलट अनुभव असा, की पंचविशीतला दमदार गडी पहिल्या दोन दिवशी सर्वांच्या पुढे धावतो आणि तिसऱ्या रात्री डोके धरून बसतो, आणि मागून गोगलगाईसारखे आलेले काका सूप पीत त्याची विचारपूस करतात. चांगल्या प्रकृतीने चढ सोपा जातो, गुडघे वाचतात. उंचीच्या आजारापासून मात्र तिने संरक्षण होत नाही. यासाठी डॉक्टर लोकांनी घालून दिलेला नियम साधा आहे: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आज जिथे झोपलो त्याहून उद्याची झोप पाचशे मीटरपेक्षा फार उंच नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा.

तुमच्या संस्थेने दिलेला कार्यक्रम काढा आणि या नियमाला लावून पाहा. नामचे बाजार ३,४४० मीटर; तिथे दोन रात्री हव्यातच. दिंगबोचे ४,४१० मीटर, तिथेही दोन. मधल्या दिवशी पाय पसरून पडायचे नसते. वरच्या टेकडीवर चढून जायचे, थोडे बसायचे आणि झोपायला खाली यायचे. नामचेला बहुतेक मंडळी ३,८८० मीटरपर्यंत जाऊन परततात, ते याचसाठी. जाऊन येऊन बारा दिवस हा मध्यम हिशेब झाला. कोणी ‘आठ दिवसांत दाखवून आणतो, चार दिवसांचा खर्च वाचेल’ म्हणाला, तर त्याला नमस्कार करावा.

आता चालण्याचा सराव. हाती पाच महिने आहेत, भरपूर झाले. तुमच्या भागात चढ नाही ही तक्रार खरी. कालव्याच्या भरावावर कितीही चालले तरी मांड्यांना चढ कळत नाही. पण रोज तासभर चालणे तिथेच होऊ द्यावे, पाठीवर सहा-सात किलोंची पिशवी घेऊन, आणि जे बूट नेपाळात न्यायचे तेच घालून. नवे बूट विमानतळावर पहिल्यांदा घालणारा माणूस लुक्लापुढे दुसऱ्या दिवशी चपला शोधत असतो. पंधरवड्यातून एकदा जेजुरीच्या पायऱ्या कराव्यात, गर्दीचा वार टाळून. दोन महिन्यांनंतर सिंहगड पायथ्यापासून, एका दिवसात दोनदा वर आणि दोनदा खाली. उतरण्याचा सराव लोक करतच नाहीत आणि गुडघे दुखतात ते नेमके परतीच्या उतारावर. मेंढपाळाच्या हाती काठी असते ती शोभेची नसते, हे तुमच्या गावात सांगायला नको. दोन हलक्या काठ्या घ्याव्यात.

आणि चाल? ती शिकायला मात्र तुम्हांला कुठे जायला नको. दर आषाढात तुकोबांची पालखी तुमच्या शेजारच्या काटेवाडीहून जाते. धोतराच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. त्या दिंडीत सत्तरीची म्हातारी देहूपासून पंढरपूरपर्यंत चालते ती कशाच्या बळावर? ती कधी धापा टाकत नाही. तोंडात अभंग चालू राहील एवढ्याच वेगाने पाय पडतात. गाता येईनासे झाले की पाय आपोआप मंद होतात. हिमालयातला वाटाड्याही दिवसभर हेच सांगतो: ‘बिस्तारै, बिस्तारै’, म्हणजे सावकाश. आफ्रिकेत किलिमांजारोच्या वाटेवर तेच शब्द स्वाहिलीत ऐकू येतात: ‘पोले पोले’. शेजाऱ्याशी बोलता येत नसेल इतके जलद चालायचे नाही, एवढे एक पाळले तरी निम्मे काम झाले. वाटाड्याच्या पुढे तर कधीच जाऊ नये.

आता थोडे अप्रिय लिहिणे भाग आहे. डोके दुखणे, अन्नावरची वासना उडणे, मळमळ, गळाठा, झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची पहिली पायरी. ती पुष्कळांना होते आणि त्याच उंचीवर एक-दोन दिवस थांबले तर बहुधा ओसरते. ती असताना वर जायचे नाही, हा नियम मोडला की दुसरी पायरी येते. बसल्या जागी धाप, न थांबणारा खोकला, गुलाबी फेस, म्हणजे फुफ्फुसात पाणी. किंवा बडबड, गोंधळ, झोकांड्या, म्हणजे मेंदूला सूज. दोन्हींत माणूस काही तासांत दगावू शकतो. ओळखण्याची एक खूण तुम्हांला सहज समजेल. उसाला पाणी देताना सरीच्या वरंब्यावरून पावलापुढे पाऊल टाकत जाता ना? तसे सपाट जमिनीवरच्या सरळ रेषेवरून चालायला सांगा. तोल जात असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. प्राणवायू, औषध हे सारे द्यावे, पण खरा उपाय एकच: खाली उतरवणे, त्याच घटकेस, रात्र असली तरी, आणि कोणी तरी सोबत घेऊन.

हे सारे पुस्तकात लिहिलेले आहे, वाटाड्यांना पाठ आहे, वाटेत फेरिचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे उपचारकेंद्र आहे. तरी माणसे का अडचणीत येतात? कारण ती बोलत नाहीत. आमच्याकडे माणूस निघण्यापूर्वी चौकात फ्लेक्स लागतो, ‘एव्हरेस्टवीरांना हार्दिक शुभेच्छा’. (वीर कसले? शिखर ८,८४९ मीटर. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी तिथे पोहोचले, १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण पोहोचले, २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली ‘गिरिप्रेमी’ची मोहीम गेली. आपण पायथ्याला नमस्कार करून येणार. तेही थोडे नाही, पण ते वेगळे.) हार पडतात, पेढे वाटले जातात. कन्हेरीच्या मारुतीपुढे निवडणुकीचा नारळ फोडण्याची तर परंपराच आहे. तिथे तुमचाही एक नारळ फुटेल. मग ४,४०० मीटरवर डोके फुटू लागले तरी हा गृहस्थ मनात म्हणतो, एवढा गाजावाजा झाला, लाखभर खर्च झाला, आता मी मागे फिरलो तर चौकात तोंड कसे दाखवू? आणि सकाळी वाटाड्याने ‘कसे आहे?’ विचारले की हसून ‘एकदम मस्त’ म्हणतो. मित्रांना दिसत असते, पण तेही गप्प, कारण एकाने थांबायचे म्हटले तर सर्वांचाच बेत मोडेल अशी भीती.

म्हणून निघण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून चार गोष्टी ठरवाव्यात, आणि त्या घरच्या मंडळींसमोर ठराव्यात. रोज संध्याकाळी प्रत्येकाने डोके, भूक, झोप यांचा खरा जबाब द्यायचा. दोघादोघांच्या जोड्या करायच्या आणि एकमेकांवर लक्ष ठेवायचे. कोणी खाली जायचे झाले तर सोबत कोणता वाटाड्या जाईल, हे संस्थेकडून आधीच लिहून घ्यायचे. सहा जणांमागे एकच वाटाड्या असेल तर उरलेल्यांचे काय, हाही प्रश्न तेव्हाच विचारायचा. आणि फ्लेक्स परत आल्यावर लावायचा. कोविडच्या साली घरोघर आलेले बोटाचे यंत्र बरोबर असू द्या, पण त्याच्या आकड्यावर पैज लावू नका. आकडा चांगला आणि माणूस झोकांड्या खातो आहे, तर माणसाकडे पाहावे.

डॉक्टरांना जानेवारीतच भेटा. रक्तदाब, मधुमेह, हृदय, दमा यांपैकी काही असेल तर लपवू नये. अठ्ठावन्नच्या गृहस्थांनी तर तपासणी केल्यावाचून पैसे भरू नयेत. डायमॉक्स नावाच्या गोळ्या शरीराला जुळवून घ्यायला मदत करतात. प्रतिबंधासाठी सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दोन वेळा देतात, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर त्यांना तसे स्पष्ट सांगावे. गोळीने बोटांना मुंग्या येतात, घाबरू नये. झोपेची गोळी आणि मद्य दोन्ही वर्ज्य. नामचेत दोन्ही सहज मिळतात, म्हणून लिहिले.

आता ती यादी. सुती बनियन एकही नको. घामाने भिजले की वाळत नाही आणि अंगावर थंडी बसते. त्याऐवजी खेळाडूंचे कृत्रिम धाग्याचे दोन-तीन सदरे, वर लोकरी किंवा फ्लीसचा थर, त्यावर पिसांचे जाकीट, आणि सर्वांवर वारा-पाऊस अडवणारा कोट. पिसांचे जाकीट आणि झोपायची पिशवी विकत घेऊ नका. काठमांडूला थामेलमध्ये भाड्याने मिळतात, आणि बारामतीत ते जाकीट पुन्हा कधी घालणार? लोकरी मोजे, हातमोजे, कानटोपी, चांगला काळा चष्मा, ओठांचे मलम. रात्री मोटर चालू करायला जाताना डोक्याला बांधता तीच बॅटरी चालेल. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. दिवसाला तीन लिटरपर्यंत पाणी प्यावे. तिथे डाळभात दोन्ही वेळा मिळतो, पण वर जाईल तशी चव मरते, तेव्हा शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट अनमोल ठरतात. विमानात साधारण पंधरा किलोच सामान नेऊ देतात, तेवढ्यात हे बसवावे. हमालाच्या पाठीवर ते जायचे आहे हेही ध्यानात असावे. त्याचा विमा आणि त्याचे गरम कपडे संस्था पाहते का, हे विचारायला संकोच नको.

कागदपत्रांत पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. व्हिसा लागत नाही, पण नुसत्या आधारकार्डावर प्रौढ माणसाला विमानाने नेपाळात जाता येत नाही, आणि ही गोष्ट पुष्कळांना विमानतळावर कळते. विमा वेगळा घ्यावा. त्यात पदयात्रा किती मीटरपर्यंत मान्य आहे आणि हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च धरला आहे का, ही दोन वाक्ये स्वतः वाचावीत. हेलिकॉप्टरविषयी एक इशारा: गरज नसताना प्रवाशांना आजारी ठरवून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचा प्रकार २०१८ साली नेपाळ सरकारच्या चौकशीत उघड झाला होता. तेव्हा कोणी किरकोळ डोकेदुखीला हेलिकॉप्टर सुचवले तर एक मुक्काम खाली उतरून पाहावे. आणि खरेच गंभीर असेल तर खर्चाचा विचार करीत बसू नये.

परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. लुक्लाची धावपट्टी जेमतेम सव्वापाचशे मीटर लांब आणि उताराची. ढग आले की विमाने बंद. गर्दीच्या हंगामात ही विमाने काठमांडूऐवजी चार-पाच तासांवरच्या रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून मोटारीत बसावे लागते. आणखी एक: बेसकॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा नीटसा दिसत नाही. पाहायचा तर दुसऱ्या दिवशी पहाटे काला पत्थरवर चढावे लागते. तेव्हा त्या दिवसापुरते बळ राखून ठेवा.

घरच्यांसाठी दोन शब्द. नामचेच्या वर फोन कधी लागतो, कधी नाही; वाय-फायचे कार्ड विकत मिळते, पण ढगाळ दिवशी तेही रुसते. दोन दिवस खबर नाही म्हणून देव पाण्यात ठेवू नयेत. संस्थेच्या काठमांडू कचेरीचा नंबर मुक्कामांच्या यादीसह स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. आणि फोन आलाच, तर ‘कुठवर पोहोचलात?’ विचारण्याआधी ‘जेवलात का, झोप लागली का?’ हे विचारावे.