भाव वर, आरएसआय खाली. मग विकायची घाई कशाला?

शेअर बाजाराच्या शिकवण्यांमध्ये सध्या डायव्हर्जन्सचा बोलबाला आहे. भावाने नवा उच्चांक गाठला, पण आरएसआय आधीच्या शिखराखालीच वळला, म्हणजे तेजी संपली, विका! यातलं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष उतावळा आहे. वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडलेला आरएसआय साधारणपणे 14 दिवसांतल्या सरासरी चढाची सरासरी उताराशी तुलना करतो. चढ 20 रुपये आणि उतार 5 रुपये असला की आकडा 80 येतो. पुढे चढ 12 आणि उतार 6 झाला की तो 67 च्या आसपास घसरतो. पण 12 हे 6 पेक्षा जास्तच आहेत. भाव अजून वरच चालला आहे. वेग मंदावला एवढंच त्यातून कळतं. दिशा बदलली, हे आपण आपल्या मनाने जोडतो.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की जुने चार्ट काढून बघा, मोठ्या शिखरांआधी डायव्हर्जन्स असतोच. असेल, कारण आपण शिखरापासून मागे शोधत जातो, आणि शिखर कोणतं हे भाव कोसळल्यावरच ठरतं. लांबलेल्या तेजीत डायव्हर्जन्स दोन-तीनदा दिसून मोडतो. पहिल्यालाच शॉर्ट करणाऱ्याचा, म्हणजे भाव पडेल म्हणून आधीच विकणाऱ्याचा, स्टॉपलॉस उडतो (तो चार्ट कुणी स्टेटसला ठेवत नाही). सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत, असे सौदे जिथे होतात त्या वायदे-ऑप्शनमधल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला.

मंदीचा इशारा आणि खरी मंदी यांत अंतर असतं, हे वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना कापसातून अधिक नीट समजेल. केंद्राने 14 एप्रिल 2022 पासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं. भाव पडायला एवढं कारण पुरेसं होतं. तरी मे महिन्यात रुईची खंडी लाखाच्या वर गेली. मंदीचा अंदाज शेवटी खराच ठरला. न्यूयॉर्कचा वायदा मेमध्ये पौंडाला दीडशे सेंटच्या वर होता, तो ऑक्टोबरअखेर निम्म्यावर आला. पण एप्रिलमध्येच वायदा शॉर्ट करून बसलेला त्याआधीच बाजाराबाहेर फेकला गेला असता. दुसरीकडे, पुढच्या हंगामात दहा हजारांच्या आशेने कापूस घरात ठेवलेल्यांना 2023 च्या उन्हाळ्यात क्विंटलला आठ हजारही मिळेनासे झाले.

मग आरएसआय हा इंडिकेटर टाकाऊ का? नाही. मात्र हिंगणघाटच्या कापूस यार्डातल्या भावांवर तो लावू नये. तिथे ओलावा आणि धाग्याची लांबी बदलली की भाव बदलतो, उन्हाळ्यानंतर आवकही आटते. वायद्याच्या चार्टवर डायव्हर्जन्स दिसला तर हातातला सौदा हलका करावा, स्टॉपलॉस वर सरकवावा, घरात कापूस असेल तर थोडा विकून मोकळं व्हावं. उलटा सौदा मात्र भावाने मागचा तळ तोडल्याशिवाय करू नये.