सोलरचा बग

परवाच्या शनिवार-रविवारी मोखाडा तालुक्यात मित्राच्या गावी गेलो होतो. जव्हार म्हणजे आमच्याकडचं महाबळेश्वर असं लोक कौतुकाने म्हणतात, आणि पुढे मोखाड्याकडे डिसेंबरची पहाट कशी असते ते अंघोळीला बसल्यावर कळतं! कारण गच्चीवरच्या सोलरला आलेलं पाणी जेमतेम कोमट.

"दुकानदार म्हणतो नळ्या बदला," काका म्हणाले. खर्च पंधरा हजार.

आता सॉफ्टवेअरवाला माणूस असा सहजी गप्प बसतो होय? गेलो वर. काचेच्या नळ्या शाबूत, पांढऱ्या पडलेल्या नाहीत (आतली हवाबंद पोकळी गेली की तळाचा चंदेरी भाग पांढरा पडतो). दुपारी नळ सोडला तर हात भाजला. म्हणजे पाणी तापतंय. मग पहाटे जातं कुठे? खाली मिक्सर नळातून गार पाणी गरमच्या पाइपात घुसत असेल म्हणून सोलरकडून येणारा व्हॉल्व्ह बंद करून गरमचा नळ उघडला. एक थेंब नाही. तोही संशय मिटला.

आमचा तास फुकट गेल्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "अरे, रोज नाही होत तसं. पाणी आलं की दुसऱ्या दिवशी गार असतं."

घ्या! लॉग स्वयंपाकघरात होता आणि आम्ही गच्चीवर शोधत होतो.

झालं होतं असं. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही संध्याकाळी. तोवर वरची मोठी टाकी कोरडी. सकाळच्या अंघोळींनी सोलर अर्धा रिकामा, आणि उरलेलं पाणी दिवसभर छान तापतं. संध्याकाळी मोटर लावली की तेवढंच गार पाणी त्यात भसकन शिरतं. सूर्य तर मावळलेला! उपाय फुकटचा : पाणी यायच्या दिवशी मोटर लावण्याआधी सोलरचा गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, सकाळी अंघोळी उरकल्या की लगेच उघडायचा. ऊन चढेपर्यंत थांबायचं नाही; कोरड्या तापलेल्या नळीत गार पाणी गेलं तर काच तडकते.

माझं म्हणणं एवढंच आहे की यंत्रात दोष नव्हता. दोष ते बनवणाऱ्यांच्या, म्हणजे आमच्यासारख्यांच्या, गृहीतकात आहे. वरची टाकी कायम भरलेली असणार, हे धरूनच सगळं जोडलेलं. माहितीपुस्तिकेत एक दिवसाआड पाण्याबद्दल अक्षर नाही. आणि दुरुस्तीला येणारा विचारतो "किती वर्षं झाली?", "पाणी कधी येतं?" हे विचारत नाही.

मुंबईत माझ्या सोसायटीची टाकी कधी रिकामी पाहिली नाही. त्या पाण्यातलं काही याच मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणातून, २०१४ पासून, येतं. आणि मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथल्या बाईला पाणी तापवायचं तर आधी हंडा डोक्यावरून आणायचा, मग सरपण. तिचा हीटर बिघडला असं कुणी म्हणत नाही.

असो. काकांचे पंधरा हजार वाचले. आता त्यातून दुसरी टाकी घ्यायची की नाही यावर काका-काकूंचं एकमत व्हायचं आहे. मी काकूंच्या बाजूने आहे.