ओझे कोणाचे, खापर कोणाच्या माथी?

आमच्या गावाचे नाव खापर. तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार. पुढे हद्द ओलांडली की गुजरातचे सागबारा. या नावापायी आम्हां गावकऱ्यांना फार सोसावे लागते. परगावी कोणी गाव विचारले आणि आम्ही सांगितले, की समोरचा गृहस्थ हटकून हसतो आणि म्हणतो, "वा! मग कोणाच्या माथी फोडायचे?" आजवर या विनोदाला मी उत्तर दिले नव्हते. यंदा देतो. दिवाळीच्या सुटीत चार दिवसांच्या सहलीसाठी चौदा डाग घेऊन घराबाहेर पडणाऱ्या सुशिक्षित मंडळींच्या माथी ते फोडायचे आहे.

वाचकहो, रागावू नका. फराळाचे ताट बाजूला सारून तुमच्या दाराशी रचलेल्या त्या ढिगाकडे एकदा पाहा. दोन मोठ्या चाकांच्या पेट्या, तीन खांद्यावरच्या पिशव्या, मुलांच्या दप्तरासारख्या पाठपिशव्या, चपलाबुटांची वेगळी थैली, "वेळेला असावी" म्हणून घेतलेली चादर आणि वेळेला कधीच न सापडणारी विजेरी. जायचे कुठे? तर तोरणमाळला, दोन रात्री! तोरणमाळ हजार मीटरांहून उंच आहे, रात्री थंडी पडते, हे कबूल. पण थंडीवर इलाज एक स्वेटर हा आहे. माणशी तीन नव्हे.

यावर ठरलेले उत्तर येते, की आपल्याकडे ही पूर्वापार चालत आलेली रीत आहे. आजोबा नाही का वळकटी, ट्रंक आणि फिरकीचा तांब्या घेऊन निघत? निघत, खरे. पण का निघत, हे कोणी विचारतच नाही. धर्मशाळेत अंथरूण मिळत नसे, म्हणून वळकटी. वाटेतल्या पाण्याचा भरवसा नसे, म्हणून तांब्या. त्या सामानातल्या प्रत्येक वस्तूला कारण होते. आज उतरायच्या ठिकाणी गादी असते, चादर असते, टॉवेल असतो, साबणाची इवलीशी वडीसुद्धा असते. म्हणजे कारणे एकेक करून मेली आणि सामान मात्र वाढत गेले!

त्याहून मागे जायचे तर वरसईच्या विष्णुभट गोडशांकडे जाऊ. १८५७ साली हा कोकणातला भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाला, बंडाच्या धामधुमीत सापडला, झाशीचा संहार त्याने डोळ्यांनी पाहिला, वाटेत लुटला गेला. आणि परतताना आईवडिलांना स्नान घालावे म्हणून गंगेच्या पाण्याची कावड त्याने घरापर्यंत आणली. 'माझा प्रवास' वाचणाऱ्या कोणालाही ही कावड विसरता येत नाही. ओझे म्हणावे तर ते हे. ते ज्याचे त्याने वाहिले, आणि का वाहतो आहोत हे वाहणाऱ्याला ठाऊक होते.

आमच्या ओझ्याची गोष्ट बिघडली ती चाकांनी. १९७० च्या सुमारास बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन गृहस्थाला पेटीला चाके लावण्याची कल्पना सुचली आणि १९७२ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीसाठी कल्पना नामी. पण तिचा एक परिणाम असा झाला, की ओझ्याचे वजन माणसाला कळेनासे झाले. हातात धरलेली पिशवी दहा पावलांत "आता पुरे" म्हणते. चाकांची पेटी काहीच म्हणत नाही. ती बोलते नंदुरबार स्टेशनाच्या जिन्यावर. तिथे मग गृहस्थ घामाघूम होतो, बायकोवर ओरडतो, आणि सगळे खापर रेल्वेवर फोडून मोकळा होतो.

रेल्वेचा नियमही या मंडळींच्या पथ्यावर पडतो. शयनयानाच्या डब्यात माणशी ४० किलो सामान फुकट, मुलाला त्याच्या निम्मे. नवरा, बायको आणि दोन मुले मिळून १२० किलो झाले. एक क्विंटल गहू आणि वर वीस किलो! सरकार एवढे नेऊ देते म्हणून ते नेलेच पाहिजे, असे कुठल्या शास्त्रात सांगितले आहे? लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी वाढतच असतो. हात आडवा आपण करायचा असतो.

आणि असते काय हो त्या पेट्यांत? कपडे आणि भीती. पाऊस पडला तर, पोट बिघडले तर, कोणी भेटले आणि त्याने कालचाच सदरा आजही पाहिला तर! या तिसऱ्या 'तर'चे वजन पहिल्या दोहोंपेक्षा जास्त भरते. त्यात आता छायाचित्रांची भर पडली आहे. धबधब्यापाशी एक पोशाख, सूर्यास्ताला दुसरा, जेवणाच्या टेबलावर तिसरा. डोंगर पाहायला गेलेली माणसे डोंगराला आपले कपडे दाखवून परत येतात. औषधांबद्दल माझे काही म्हणणे नाही. रक्तदाबाच्या गोळ्या विसरून कोणी हलके होऊ नये. बाकी कंगवा, साबण, दाढीचे पाते या वस्तू आमच्या खापरच्या बाजारातही मिळतात. मग महाबळेश्वरी का मिळू नयेत?

फराळाच्या डब्याला मात्र मी माफी दिलेली आहे. चिवडा, शेव, चार लाडू हे एकच सामान असे, की ते प्रवासात कमी होते आणि शेजारच्या बाकावरच्यांशी ओळख करून देते. डबा परत येतो तो रिकामा. तुमच्या तिसऱ्या स्वेटरला हे साधणार आहे काय?

आता थोडे कडू बोलतो. हे सामान भरते कोण? घरातील बाई. लक्ष्मीपूजनापर्यंत ती तळणात असते, भाऊबीज आटोपली की रात्री बारापर्यंत पेट्या भरत असते. परत आल्यावर न वापरलेले कपडेही प्रवासाने चुरगळले म्हणून तीच धुते. नवरा काय करतो? "माझा निळा सदरा घेतलास ना?" एवढे विचारतो. माझी सूचना सोपी आहे. दहा वर्षांवरील प्रत्येकाने आपली पिशवी आपण भरावी आणि घरापासून मोटार थांब्यापर्यंत स्वतः उचलून चालत न्यावी. अंगावर एक जोड, पिशवीत दोन. रात्री एक धुवावा, सकाळी वाळलेला घालावा. शाळेच्या सहलींना आम्ही मास्तर मंडळी मुलांना हेच सांगतो आणि मुले ते ऐकतात. पालक ऐकत नाहीत, ही अडचण आहे.

पण हलक्या प्रवासाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्यासाठीच मी लेखणी उचलली. मध्यंतरी एका व्याख्यानात एका विद्वानांनी आम्हांला उपदेश केला, की साधेपणा शिकायचा तर तुमच्या सातपुड्यातल्या आदिवासींकडून शिका. एका गाठोड्यात सारा संसार मावतो! टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या सहन झाल्या नाहीत.

दिवाळीच्या आगेमागे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील कितीतरी भिल्ल, पावरा कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. सुरत, बारडोलीच्या बाजूला. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला नवराबायको दोघेही कोयता धरतात. त्यांच्या गाठोड्यात गोधडी असते, तवा असतो, पातेली असतात, कोयता असतो, पीठ असते. काखेत पोर आणि कधी पिशवीतून मान काढलेली कोंबडी. हे हलके सामान नव्हे. हे पुढचे पाचसहा महिने जगायला लागणारे सगळे घर आहे, आणि ते डोक्यावर घेण्याइतके लहान आहे ते गरिबीने. साधेपणाच्या हौसेने नव्हे. त्या घरात मागे ठेवायला काही नाही आणि पुष्कळदा मागे राहायला कोणी नाही. म्हणून पोरही बरोबर जाते. अशा मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. जिथे ती नीट चालते तिथे मूल राहते, एरवी दिवाळीनंतर वर्गातले बाक रिकामे दिसतात. पाठ्यपुस्तक गाठोड्यात घालावे इतकी जागा उरत नाही, किंवा उरली तरी ते उघडायला दिवस उरत नाही.

तेव्हा, विद्वान महाशय, हलके निघणे ही चैन आहे. ज्याच्या घराला कुलूप आहे, आत कपाट आहे, कपाटात राहिलेली वस्तू आठ दिवसांनी जिथल्या तिथे सापडणार आहे, त्यालाच ती परवडते. ती तुम्हांआम्हांला परवडते, आणि आम्ही ती करत नाही! घर सुखरूप मागे ठेवता येत असताना ते पेट्यांत भरून हिंडवतो, आणि ज्याला ठेवता येत नाही त्याच्या गाठोड्याचे कौतुक करतो.

हे दोन प्रवास आमच्या खापरच्या रस्त्यावर एकाच आठवड्यात होतात. २०१८ साली केवडियाचा १८२ मीटर उंच पुतळा उभा राहिल्यापासून खानदेशातल्या सहलीच्या मोटारी सागबारा, डेडियापाड्यावरून तिकडे जातात, टपावर पेट्या बांधून. ऊसतोडीचे ट्रक त्याच रस्त्याने जातात, मागे माणसे उभी करून. आणि मधल्या बसगाड्यांत दोघांची गाठ पडते. भाऊबीजेनंतर अशा गाडीत बसून पाहा. मधल्या वाटेत दोन्ही बाजूंना चाकांच्या पेट्या उभ्या असतात. एका पेटीखाली कोणाचे तरी पाऊल, दुसरीला टेकून कोणाचा तरी मुलगा. थांबा येतो. डोक्यावर गाठोडे आणि हाताशी पोर घेऊन एक बाई पायरीवर चढते, आणि आतून चारपाच सुशिक्षित आवाज एकदम उठतात : "ओ बाई, ते बोचके कुठे आत आणता? वाट अडते ना!"